नऊ नंबरचा ड्रायर

डुलूथला नोव्हेंबर लागला की सरोवरावरचा वारा
दाराच्या फटीतून नाक खुपसतो,
आणि लोक घरातली सगळी पांघरुणं गोळा करून
माझ्याकडे येतात.
मी रात्रपाळीची. नोटा मोडून नाणी देते, जाळीतली पिंजण काढते,
खिशांत राहून गेलेलं बरणीत टाकते :
बटणं, एक दुधाचा दात,
आणि लग्नाची अंगठी, तीन वर्षं झाली,
कुणी विचारायलाही आलं नाही.

भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज मीच बंद केलाय.
दोन्ही उमेदवार बोट वर करून
छतावरची गळती दाखवताहेत असं वाटतं.
मतदान उद्या.

आर्वो कांगास, खनिजाच्या बोटींवर जन्म काढलेला,
मोज्यांच्या जोड्या लावत म्हणाला,
"जो एकदा तरी सगळ्यांदेखत
कठड्यावरून ओकलाय
त्यालाच राष्ट्राध्यक्ष करावं.
न ओकलेला माणूस वादळालाच दम देत बसतो."
"म्हणजे तुझं मत कुणाला?"
"ते विचारू नये," तो म्हणाला, आणि एक मोजा कमी भरला.

होदानचा लीबान, वय आठ,
नाण्यांचे मनोरे रचत होता. शाळेतलं ताजं होतं :
वय पस्तीसच्या वर हवं, जन्म इथला हवा.
"आई एकोणचाळीस. वयाचं जमतंय," तो म्हणाला.
होदाननं उशीच्या अभ्र्याची घडी घातली,
मोडली,
पुन्हा घातली.

साडेदहाला फट्ट झालं.
ड्रायरची अख्खी रांग मेली.
उरला फक्त नऊ नंबर,
जो एरवी नाणं गिळून गप्प बसतो.
चौदा जणांचे ओले कपडे, आणि एक भोक.
आधी मी आलो, नाही मी आले.
एका टोपीवर एक नाव, दुसरीवर दुसरं;
टोप्या एकमेकींच्या अंगावर धावल्या.
तुमच्याच माणसानं वाट लावली, नाही तुमच्याच.
फ्यूजच्या पेटीकडे कुणी पाहिलं नाही.
मीही नाही.

मार्लिस हूल, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी,
आवाज न चढवता म्हणाली,
"सकाळी सहाला कुणाला उभं राहायचंय,
आणि कशात?"

मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिनं लिहून काढलं :
वृद्धाश्रमातल्या डार्लाचा गणवेश,
लीबानची एकुलती पँट,
मासळीच्या कारखान्यातल्या त्या अबोल पोराचं जाकीट,
जो काही बोललाच नव्हता,
त्याला तिनं स्वतः जाऊन विचारलं.
प्रत्येकाला बारा मिनिटं.
"बारा मिनिटांत काय सुकणार?" एक टोपी म्हणाली.
"सुकणार नाही," मार्लिस म्हणाली,
"अंगावर सुकेल इतपत होईल."

मी इतक्या निवडणुका पाहिल्या,
इतकं कमी कुणी कबूल केलं नव्हतं.

तिची गोधडी शेवटची. एक वाजता
तिची पाळी आली आणि नऊ नंबरनंही जीव सोडला.
एक टोक आर्वोनं धरलं, एक तिनं,
दोघांनी पिळली, कचऱ्याच्या पिशवीत कोंबली.
जाता जाता मला म्हणाली,
"पट्टा जळतोय याचा. उद्या चालू करू नकोस, आग लागेल."

सकाळी चर्चच्या तळघरात
माझ्या हातात कागद. छापील नावांखाली
एक कोरी ओळ असते, हवं ते नाव लिहायला.
मी पेन टेकवलं.
मार्लिस तापट आहे. बिंगोत लबाडी करते.
माझे चार डॉलर देणं लागते, आणि विषय काढला की
बहिरी होते.
शिवाय तिला विचारलं असतं तर म्हणाली असती,
मला दुपारी साठ पोरांचं जेवण आहे.

ओळ कोरीच ठेवली.
वरच्या नावांपैकी, कठड्यावर वाकलेला
ज्याचा चेहरा मला कसाबसा डोळ्यांपुढे आणता आला
त्याचं वर्तुळ काळं केलं.
यंत्रानं कागद ओढून घेतला,
नऊ नंबरनं नाणं घ्यावं तसा,
आणि मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले,
आत काही फिरतंय का, ऐकत.